उलटा ठसा

दिलावर पिंजारी चूक मानत नाही.
म्हणजे सिनेमातली. नोटेवरची मानतो,
पगारच तिचा आहे आम्हा दोघांना.
नाशिकरोडला, प्रेसमध्ये, समोरासमोर टेबलं.
कागद उचला, उजेडात धरा,
शाई फुटली, आकडा सरकला, की लाल पेन्सिल.
भोंग्यापासून भोंग्यापर्यंत.

डब्याच्या सुट्टीत मात्र
तो त्या लिफ्टवाल्याचा वकील होतो.
पाच भाग झाले. बंद पडलेल्या गिरणीची लिफ्ट,
नायक तळमजल्याच्याही खालचं बटण दाबतो
आणि मागच्या कुठल्यातरी सालात उतरतो.
मी म्हटलं, पहिल्या भागात त्याच्या डाव्या भुवईवर व्रण,
तिसऱ्यात, मागे गेल्यावर, उजव्या.
मेकअपवाल्याला डुलकी लागली असणार.
दिलावरने घास खाली ठेवला.
"ताई, आपला ठसा कसा असतो?"
उलटा.
"आणि छापून येतं ते?"
सुलटं.
"मग? तो माणूस छापून गेलाय मागे.
परतला की पुन्हा पलटेल.
चौथ्यात बघा."
रविवारी भाचीकडे जेलरोडला बसून मी चौथा बघितला,
तिची परीक्षा होती तरी.
व्रण डावीकडेच.

मग कुत्रा. पहिल्यात पुरलेला, दुसऱ्यात शेपूट हलवतो.
"तो आधीचा आहे. मरण अजून त्याच्या वाटेत आहे."
मग बहिणीचं काम करणारी नटीच बदलली.
पैशावरून फिसकटलं, हे पोरासोरांनाही ठाऊक.
"लहानपणी तिला म्हातारा भाऊ भेटून गेला ना?
एवढं बघितल्यावर चेहरा तोच राहील कुणाचा?"

शेवटी दिग्दर्शकानेच एका मुलाखतीत कबूल केलं,
घाई होती, चुका राहिल्या, माफ करा.
मला वाटलं, मिटलं आता.
दिलावर लोणच्याची फोड चोखत म्हणाला,
"त्याला काय कळतंय.
त्याने फक्त सिनेमा काढलाय."

परवा गंगापूरचे दरवाजे उघडले.
पाणी बघायला अख्खं नाशिक गंगेवर जातं, मीही गेले.
दुतोंड्या मारुतीच्या पोटऱ्या बुडालेल्या,
भाजीवाल्या पाट्या उचलून वरच्या पायरीवर सरकत होत्या.
कठड्याशी दिलावर उभा. चप्पल हातात.
बराच वेळ काही बोलला नाही, मग मारुतीकडे बोट केलं.

"त्या साली याच्या गळ्याशी होतं पाणी.
आई म्हणते, आमचा शौकत पाचला घरातून निघाला.
भांडीबाजारातला चहावाला म्हणतो, साडेचारला
माझ्याकडे कटिंग प्यायला, सांडव्याकडे उतरला,
पैसे राहिलेत त्याचे.
दोघंही शपथेवर सांगतात.
दोघांनीही घड्याळ बघितलं होतं."

मी म्हणणार होते, एक घड्याळ पुढे असेल, भाऊ.
किंवा एक मागे. असतंच कुठलंतरी.
ओठांवर आलेलं तिथेच राहिलं.

"एक शौकत साडेचारचा," तो म्हणाला,
"एक पाचचा.
सापडला तो एकच."

मारुतीचं एक तोंड इकडे, एक तिकडे.
पाणी दोन्हींसमोर तेच, गढूळ,
त्यात कुणाचातरी प्लास्टिकचा टब फिरत होता.
दिलावरने चपला घातल्या. म्हणाला,
शुक्रवारी सहावा भाग लागतोय, सकाळचा खेळ, स्वस्त पडतो.

आज एका कागदावर
एकच आकडा दोनदा आला.
बावीस वर्षांत माझ्या हाताखालून असं पहिल्यांदाच.
मी उजेडात धरला. पलटून धरला.
कोणता आधीचा, ते शाईवरून कळेना.
समोर दिलावर, गठ्ठ्यात मान घातलेला.
मग मी खूण केली, दोन्हींवर,
इतकी दाबून की टोक मोडलं.
मान वर न करता
त्याने आपली पेन्सिल माझ्याकडे सरकवली.